बी विंगची लिफ्ट आणि सातवीचं गणित

प्राची (ए-४०३): नमस्कार. सहावी-सातवीच्या गणितासाठी दुसरा चांगला क्लास कोणाला माहीत आहे का? कोपऱ्यावरचा नको, तिथे मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अर्णवला घटक चाचणीत २० पैकी ६ पडलेत. चौथी-पाचवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असायचा हो. शाळेत विचारलं तर म्हणे "घरी सराव घ्या". मग शाळेत काय घेता? पेपरचा फोटो टाकतेय.

प्राची (ए-४०३): (फोटो)

स्नेहा कदम (सी-५०१): अगं, सातवीचं गणित कठीणच आहे. म्हणून तर रियाला आम्ही तिसरीपासून अबॅकसला घातलं. तिला २० पैकी २० आहेत. तुला टेन्शन द्यायला नाही, सहज सांगते.

प्राची (ए-४०३): सहज कळलं 🙏

देशपांडे काका (बी-१०१): कारण एकच. पाढे पाठ नाहीत. आमच्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असे. तीसपर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. संध्याकाळी दिवा लागला की परवचा. गणित कठीण वगैरे काही नव्हतं.

निखिल (बी-५०२): काका, ही पाढ्यांची नावं आहेत की आजीच्या भिशीतल्या मैत्रिणींची? 😄

देशपांडे काका (बी-१०१): हसा. बारा दिडे किती, मोबाईल न बघता सांगा.

निखिल (बी-५०२): लिफ्ट बंद आहे काका, पाच मजले चढून आलोय. आत्ता नाव विचारलंत तरी आठवणार नाही.

पाटील (सेक्रेटरी): सर्व सभासदांना सूचना. हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई, पाणी भरून ठेवावे.

भोसले (बी-४०४): सोसायटीच्या कामाचंच विचारतो. बी विंगची लिफ्ट कधी चालू होणार?

शिंदे (खजिनदार): थकबाकी जमा झाली की लगेच. लिफ्टवाल्याला उधारीवर बोलावता येत नाही.

भोसले (बी-४०४): नाव घेऊन बोला ना. आडून कशाला?

जोशी बाई (ए-१०२): प्राची, फोटो मोठा करून नीट पाहिला. दुसऱ्या प्रश्नात त्याने १/२ + १/३ = २/५ लिहिलंय. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. तपासणाऱ्यांनी नुसती फुली मारलीय. त्याला रागावू नकोस, एवढंच विचार, "अर्ध्यात आणखी काही घातलं, तरी उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं?" २/५ अर्ध्याहून कमीच आहे ना. हे त्याचं त्याला दिसलं की समच्छेद, म्हणजे खालचे आकडे सारखे, कशाला करायचा, ते तो स्वतः विचारेल. पुढे परिमेय संख्यांची तिन्ही उदाहरणं ह्याच पायी गेलीत. सातवीचं गणित त्याला जड जात नाहीये. पाचवीतला अपूर्णांक राहिलाय.

प्राची (ए-४०३): बाई, पण पाचवीत चांगले मार्क होते.

जोशी बाई (ए-१०२): असणारच. तेव्हा एका पद्धतीची दहा उदाहरणं एकाखाली एक येतात, पहिल्याचं बघून उरलेली नऊ होतात. आणि ही बॅच आठव. २०२०-२१ला दुसरी, ती अख्खी मोबाईलवर. तिसरीही बरीचशी तशीच. कागदाची घडी घालून पाव-अर्धा-पाऊण हातात धरायचं वय ते, नेमकं स्क्रीनसमोर गेलं. पोरांकडे काय दोष? सहावीत ऋण संख्या येतात, सातवीत बैजिक राशी, आणि अपूर्णांक प्रत्येक धड्यात डोकावतो. आधीचं राहिलेलं तिथे उघडं पडतं.

स्नेहा कदम (सी-५०१): रियाच्या बॅचचंही तेच होतं की. पण आम्ही लक्ष दिलं.

वैशाली (सी-१०३): म्हणजे बाकीच्यांनी दिलं नाही असं का?

स्नेहा कदम (सी-५०१): मी कोणाचं नाव घेतलं नाही. ज्याने त्याने बघावं.

देशपांडे काका (बी-१०१): पाढे पाठ नाहीत. तीसपर्यंत. मी वर लिहिलंच आहे.

जोशी बाई (ए-१०२): काका, पाढे हवेतच, वाद नाही. भागाकारात अडलेलं मूल पुढे जात नाही. पण तुमची पावकी-निमकी म्हणजे अपूर्णांकच की! तुम्ही रोज पाव शेर, दीड वार ऐकत होता, म्हणून ते पाठांतर अंगात मुरलं. ह्यांना नुसतं पाठ करायला लावलं तर पोपट होतील.

वैशाली (सी-१०३): माझा आठवीत आहे. यंदा ढकलपास नाही म्हणतात, खरं का?

पाटील (सेक्रेटरी): खरं आहे. २०२३ला राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसायचं. आणि हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

निखिल (बी-५०२): साहेब, नियम तुम्हीच मोडला 😄

प्राची (ए-४०३): काकू मी अर्णव बोलतोय आईच्या फोनवरून. तो पेपरचा फोटो डिलीट करा ना प्लीज. आईला येत नाहीये. रिया माझ्याच वर्गात आहे उद्या सगळ्यांना कळेल

स्नेहा कदम (सी-५०१): रिया असं कधी करणार नाही.

वैशाली (सी-१०३): करते. माझ्या भाचीच्या वेळी केलं होतं.

पाटील (सेक्रेटरी): ॲडमिन म्हणून फोटो काढला आहे.

जोशी बाई (ए-१०२): अर्णव, बरं झालं आलास. मला एक सांग. ३ एक्स = १२, तर एक्स ९ कसा आला बाळा?

प्राची (ए-४०३): क्लासच्या सरांनी सांगितलंय बाजू बदलली की चिन्ह बदलतं. ३ तिकडे गेला म्हणून वजा ३

जोशी बाई (ए-१०२): बघा. मूल हुशार आहे, सांगितलेलं तंतोतंत करतंय. ३ आणि एक्स यांच्यात अधिक नाही रे, गुणिले आहे. आणि कोणी उडी मारून पलीकडे जात नसतं. दोन्ही बाजूंना ३ ने भाग, बघ काय उरतं. आलेलं उत्तर परत मूळ गणितात घालून बघायचं. ३ गुणिले ९ बारा होतात का? नाही. तिथेच चूक सापडली असती, मास्तरांची वाट बघावी लागली नसती.

प्राची (ए-४०३): ४ येतं

जोशी बाई (ए-१०२): शाब्बास. ऋण संख्यांचं सांगते. आपली लिफ्ट आठव. खालचं पार्किंग उणे २, तळमजला शून्य. उणे २ वरून पाचव्या मजल्यावर किती मजले चढलास? ५ − (−२). दोन उणे एकत्र आले की अधिक, असं पाठ करण्यापेक्षा मजले मोज.

निखिल (बी-५०२): ७. पायांना विचारलं, ते म्हणाले ७.

भोसले (बी-४०४): लिफ्टचं उदाहरण द्यायला आधी लिफ्ट हवी. सोसायटी चालवायला घेतलीय की शाळा?

शिंदे (खजिनदार): भोसले, तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो. दुरुस्ती वर्गणीचे १२,००० सहा महिने थकले आहेत. द.सा.द.शे. २१ने व्याज १,३१६. बिल पेटीत टाकलंय.

भोसले (बी-४०४): १,३१६ कुठून काढले? लिफ्ट बंद ठेवून वर व्याज?

जोशी बाई (ए-१०२): अर्णव, बँक व सरळव्याजाचा धडा झाला का? मुद्दल १२,०००, दर २१, मुदत सहा महिने. काढ बरं. मोबाईलवर नको, वहीत.

देशपांडे काका (बी-१०१): दिडकी येत असती तर तोंडी आलं असतं.

प्राची (ए-४०३): १२६०. सहा महिने म्हणजे १/२ वर्ष घेतलं. एका वर्षाचं २५२० येतं त्याचं अर्धं

भोसले (बी-४०४): ऐका! पोरगं सांगतंय! ५६ रुपये जास्त!

शिंदे (खजिनदार): सॉफ्टवेअर महिन्याच्या महिन्याला काढतं. मी बोटांवर मोजत नाही.

जोशी बाई (ए-१०२): मग ते व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावत असणार शिंदे. ते चक्रवाढ झालं. आपल्या उपविधींत सरळव्याज आहे, आणि २१ टक्के ही कमाल मर्यादा आहे.

पाटील (सेक्रेटरी): बाईंचं बरोबर आहे. शिंदे साहेब, सगळ्यांचीच बिलं एकदा तपासून घ्यावीत.

शिंदे (खजिनदार): ५६ रुपयांसाठी सगळी बिलं? मानधन न घेता काम करतो मी इथे. पुढच्या एजीएमला दुसरा खजिनदार बघा.

निखिल (बी-५०२): अर्णवला करू. मताला मी आहे.

वैशाली (सी-१०३): +१

शिंदे (खजिनदार): करा.

भोसले (बी-४०४): १३,२६० आत्ता यूपीआय केले. स्क्रीनशॉट टाकतोय. आता लिफ्टची तारीख.

प्राची (ए-४०३): मी प्राची. फोन परत घेतला. बाई, त्याने व्याज कसं काढलं तेच मला कळत नाहीये. पेपरात हेच जमत नाही.

जोशी बाई (ए-१०२): इथे कोणाला तरी उत्तर हवं होतं, म्हणून जमलं. क्लास सध्या थांबव. पाचवीचं बालभारतीचं पुस्तक काढ, ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे. रोज वीस-पंचवीस मिनिटं फक्त अपूर्णांक. सोडवून दाखवलेलं उदाहरण वाचायचं, झाकायचं, कोऱ्या पानावर स्वतः करायचं, मग उघडून ताडून बघायचं. "वाचलं, कळलं" म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस. चुकलेलं उदाहरण खोडायचं नाही, शेजारी दुसऱ्यांदा करायचं. आणि शेजारी मोबाईल घेऊन बसू नकोस, तो तुझ्याकडेच बघत राहील.

स्नेहा कदम (सी-५०१): बाई, रियालाही पाठवू का? म्हणजे तिला गरज नाही तशी. पण बैजिक राशींची शाब्दिक उदाहरणं जरा...

वैशाली (सी-१०३): 😄

जोशी बाई (ए-१०२): पाठव. सोमवार ते गुरुवार, साडेपाचला.

प्राची (ए-४०३): बाई, फीचं काय?

जोशी बाई (ए-१०२): फी नको. क्लबहाऊस मिळालं तर बरं, माझा हॉल लहान आहे.

पाटील (सेक्रेटरी): क्लबहाऊसचं भाडं ठरावानुसार तासाला १५० रुपये.

निखिल (बी-५०२): फुकट शिकवायला भाडं?

पाटील (सेक्रेटरी): ठराव तुमच्याच सहीने झालाय. कमिटीसमोर अर्ज द्या.

शिंदे (खजिनदार): भाडं आगाऊ.

जोशी बाई (ए-१०२): राहू दे. माझ्याकडेच या. सहा मुलं बसतात, सातवं आलं तर स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसेल. कोरी वही, पेन्सिल, पाचवीचं पुस्तक. चपला जिन्यात नकोत, शिंद्यांच्या दारासमोर तर मुळीच नकोत.