समोरच्या मागावरच्यानं जांभई दिली की मला का येते?

वडगावचा विणकर:
वडगावात पावरलूमवर रात्रपाळी करतो. मागांचा खडखडाट असा, की शेजारच्याला हाक ऐकू जात नाही. सुताची कांडी संपली तरी हातवाऱ्यानंच सांगायचं. पण पहाटे तीनला पलीकडच्या मागावरच्या मामांनी आ वासला की माझाही जबडा सुटतो, माझं बघून तिसऱ्याचा. सगळी ओळच जांभया देऊलाली! मालक म्हणतात, शेडात हवा कोंडते, ऑक्सिजन कमी पडतो. खरं काय ओ?

अनगोळकर:
शाळेत आम्हीपण तेच शिकलो. पण अमेरिकेत संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये ते तपासलं. माणसांना निव्वळ ऑक्सिजन दिला, जांभया कमी झाल्या नाहीत. कार्बन डायऑक्साइड वाढवला तर श्वास जोरात चालला, जांभया तेवढ्याच! आणि पोटातलं बाळ बाराव्या आठवड्याच्या सुमारास जांभई देतं, तिथं कुठली कोंडलेली हवा? शेडाच्या खिडक्या मात्र उघडून घ्याच. उकाडा तरी कमी होईल.

टिळकवाडी:
उकाड्याचाच संबंध असेल. अँड्र्यू गॅलप या संशोधकाचं म्हणणं, जांभई मेंदू थंड करते. कपाळाला गार पट्टी लावलेल्यांना दुसऱ्याची जांभई बघून कमी वेळा येते. ॲरिझोनात त्यांनी रस्त्यावरच्या लोकांना जांभईचे फोटो दाखवले: हिवाळ्यात २२ अंशांना निम्म्याच्या जवळपास लोकांना आली, उन्हाळ्यात ३७ अंशांना पावभर लोकांनाही नाही. बाहेरची हवाच अंगाएवढी तापली तर थंड काय करणार? सगळ्यांना हे मान्य नाही, मलाही अर्धंच पटतं. पहाटे तीनला जांभई यायला झोपेचं कारण पुरेसं आहे की.

खानापूरची ताई:
लागण कशी होते ते कुणी सांगेना! आमचा तीन वर्षांचा नातू, मी कितीही आ केला तरी ढिम्म. चार-पाच वर्षांनंतर ती लागायला लागते म्हणे. दुसऱ्याचं मन ओळखण्याशी तिचा संबंध जोडतात. कुत्र्यांनापण माणसाची लागते.

वडगावचा विणकर:
मग मामांकडं पाठ करून उभा राहू काय?

अनगोळकर:
करून बघा. एरवी नुसत्या आवाजानंही लागते, आंधळ्या माणसालासुद्धा. तुमच्याकडं तो ऐकूच येत नाही. पण जांभईबद्दल वाचलं तरी येते. हे लिहिताना मला दोन आल्या.