स्कूबी-डू : धाडसी पात्रांना सोडून मुलांचा जीव घाबरटांवरच का जडतो?

निळी शाई (प्रश्न)

माझी सात वर्षांची भाची आणि मी सध्या ‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ ही १९६९ सालची मूळ मालिका पहिल्या भागापासून क्रमाने पाहत आहोत. माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे मीही ती लहानपणी कार्टून नेटवर्कवर, मिळेल त्या वेळी आणि मिळेल तो भाग, अशीच पाहिली होती. आता सलग पाहताना लक्षात येते की प्रत्येक भागाची घडण जवळजवळ सारखी आहे. मिस्टरी मशीन नावाच्या गाडीतून चार तरुण आणि एक कुत्रा एखाद्या ओसाड जागी पोहोचतात, तेथे भूत दिसते, पळापळ होते, सापळा लावला जातो, तो फसतो, तरीही भूत सापडते आणि मुखवट्याखालून एखादा ओळखीचा माणूस निघतो. हे सारे ठाऊक असूनही भाचीचा उत्साह कमी होत नाही.

मला अधिक कुतूहल आहे ते पात्रांविषयी. फ्रेड नेतृत्व करतो, वेल्मा कोडे सोडवते, डॅफ्नी संकटात सापडते आणि त्यातून बाहेरही येते. शॅगी हा चौथा तरुण आणि स्कूबी हा कुत्रा मात्र घाबरतात, पळतात आणि खातात. असे असूनही मुलीचे सगळे प्रेम या दोघांवर आहे, आणि मला आठवते त्याप्रमाणे माझेही तसेच होते. मुलांच्या कथेचा नायक शूर असावा हा संकेत सर्वत्र रूढ असताना, या मालिकेच्या निर्मात्यांनी भित्र्या जोडीला मध्यभागी आणले ते ठरवून, की ते आपोआप घडत गेले? मालिकेच्या जडणघडणीची माहिती असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रात्रपाळी

ते ठरवून केले गेले, असेच म्हणावे लागेल. मात्र पहिल्या आराखड्यात ते नव्हते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शनिवारी सकाळी दाखवल्या जाणाऱ्या कार्टून मालिकांमध्ये अतिमानवी नायक आणि त्यांच्या मारामाऱ्या यांची गर्दी झाली होती. त्याविरुद्ध पालकांनी आवाज उठवला, आणि १९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ ही संघटनाही उभी राहिली. सीबीएस वाहिनीचे अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन यांना मारामारीविना मुलांना धरून ठेवणारे काहीतरी हवे होते. त्याच वर्षी त्यांच्या वाहिनीवर आर्ची आणि त्याच्या मित्रांच्या वाद्यवृंदाची कार्टून मालिका यशस्वी झाली होती. म्हणून तरुणांचा असाच एक गट घेऊन त्याला रहस्यकथेची जोड द्यावी, असे त्यांनी हॅना-बार्बेरा या कार्टूननिर्मिती संस्थेला सुचवले.

हे काम जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकद्वयाकडे आले. त्यांच्या आरंभीच्या आराखड्यात तरुणांचा वाद्यवृंद होता आणि त्यांच्याबरोबर बोंगो वाजवणारा एक कुत्रा होता, ज्याचे नाव ‘टू मच’ असे ठेवले होते. पुढे वाद्यवृंद गळला आणि भयकथेचा भाग वाढला. पण त्यासाठी काढलेली चित्रे पाहून वाहिनीच्या वरिष्ठांना हे मुलांसाठी फार भीतिदायक वाटले आणि मालिका नाकारली गेली. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या नकारात आहे. भुते, पडके वाडे, चांदण्या रात्री हे सर्व तसेच ठेवायचे असेल, तर त्या भीतीवर उतारा हवा होता, आणि तो उतारा म्हणून कुत्र्याला मागच्या रांगेतून पुढे आणण्यात आले. फ्रँक सिनात्रा यांच्या एका गाण्याच्या शेवटी येणाऱ्या निरर्थक स्वरशब्दांवरून सिल्व्हरमन यांनी त्याचे नवे नाव ठेवले, आणि १३ सप्टेंबर १९६९ रोजी पहिला भाग प्रसारित झाला.

चारही तरुणांची बीजे डोबी गिलिस या तरुणाविषयीच्या, १९५९ ते १९६३ या काळातील एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेत आहेत. शॅगीची हनुवटीवरची खुरटी दाढी आणि कामाचे नाव काढताच अंग काढून घेण्याची वृत्ती ही त्या मालिकेतील मेनार्ड या मित्राकडून आलेली आहे. भुताला पाहून बोबडी वळणारी विनोदी जोडी हीदेखील अमेरिकी प्रेक्षकांना नवी नव्हती. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो यांनी १९४०च्या दशकात चित्रपटांतून हेच केले होते. रूबी आणि स्पिअर्स यांचे कौशल्य असे की त्यांनी ही जुनी जोडी मुलांच्या गटात आणून बसवली आणि तिच्या भीतीला कथेत काम दिले.

हे काम नीट पाहावे. भूत दिसताच पाहणारे मूल दचकते. पण पडद्यावर त्याच्यापेक्षा वयाने मोठा तरुण आणि वासराएवढा कुत्रा त्याच्याहून अधिक घाबरलेले असतात. त्यामुळे त्या क्षणी मूल स्वतःला त्या दोघांपेक्षा धीट समजू लागते आणि हसू शकते. नंतर स्कूबीला आमिष म्हणून पुढे पाठवायचे ठरते, तेव्हाचा सौदा तर मुलांच्या जगातलाच आहे. एका स्कूबी स्नॅकला, म्हणजे त्याच्या आवडत्या खाऊला, नकार, दोनला विचार, तिसऱ्याला होकार. आणि शेवटी फ्रेडचा विचारपूर्वक लावलेला सापळा बिघडतो तो या दोघांमुळे, पण भूतही पुष्कळदा त्यांच्याच धडपडीत अडकते. म्हणजे घाबरूनही ते कामी येतात, आणि त्यासाठी त्यांना आपला भित्रा स्वभाव बदलावा लागत नाही. मुलांच्या मालिकांत ही उदारता मला फार मोलाची वाटते.

चित्रफलक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात रेखाटनाची बाजू जोडावीशी वाटते, कारण स्कूबीचा भित्रेपणा लेखनाइतकाच त्याच्या शरीरात आहे. तो शरीराकार इवाओ ताकामोतो यांचा. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या ताकामोतोंना दुसऱ्या महायुद्धात इतर जपानी-अमेरिकी कुटुंबांप्रमाणे मान्झानारच्या छावणीत डांबण्यात आले होते. चित्रकलेचे धडे त्यांनी तेथे सोबतच्या कैद्यांकडून घेतले आणि १९४५ मध्ये ते डिस्नेकडे रुजू झाले; १९६१ पासून ते हॅना-बार्बेरात होते. स्कूबीसाठी त्यांनी ग्रेट डेन जातीच्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका सहकारी स्त्रीकडून उत्तम कुत्र्याची लक्षणे जाणून घेतली. ताठ पाठ, सरळ पाय, लहान हनुवटी अशी ती यादी होती. मग त्यांनी या प्रत्येक लक्षणाच्या नेमके उलट रेखाटले, पाठीला पोक दिले, पाय वाकडे केले आणि हनुवटी मोठी ठेवली. ग्रेट डेन हा दिसताच धाक बसावा असा प्राणी आहे. त्याचा सगळा रुबाब काढून घेतल्यावर उरलेला मोठा देह शॅगीच्या कडेवर उडी मारतो, तेव्हा हसू आल्यावाचून राहत नाही.

दुसरी बाब खर्चाची. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या चित्रपटसंस्थेच्या कार्टून विभागात टॉम आणि जेरीचे चित्रपटगृहांसाठीचे लघुपट केले, तेव्हा त्यांच्याकडे वेळ आणि पैसा पुरेसा होता. १९५७ मध्ये तो विभाग बंद झाल्यावर ते दूरचित्रवाणीकडे वळले, आणि तेथे दोन्ही गोष्टी अपुऱ्या होत्या. म्हणून धड स्थिर ठेवून केवळ तोंड हलवणे, एकच चाल अनेक ठिकाणी वापरणे, तीच पार्श्वचित्रे फिरवत ठेवणे अशा युक्त्या त्यांनी रूढ केल्या. त्यांच्या अनेक पात्रांच्या गळ्यात पट्टा किंवा टाय दिसतो, तोही डोके आणि धड वेगळे रेखाटणे सोपे जावे यासाठी. स्कूबी-डूमध्ये ही काटकसर स्पष्ट दिसते. पळण्यापूर्वी पात्रे जागच्या जागी हवेत पाय फिरवतात आणि मागे ढोलकीसारखा आवाज येतो, ही एक खूण सर्वांनाच आठवत असेल. लांब बोळातील समोरासमोरच्या दारांतून एकाने आत जावे आणि भलत्याच दारातून बाहेर यावे, हा प्रकारही तसाच. मराठी रंगभूमीवरील फार्स पाहिलेल्या प्रेक्षकाला तो लगेच ओळखू येतो.

मात्र एका ठिकाणी हात आखडता घेतलेला नाही, आणि ते ठिकाण म्हणजे पार्श्वचित्रे. ती वॉल्ट पेरेगॉय यांच्या देखरेखीखाली झाली, ज्यांनी त्यापूर्वी डिस्नेमध्ये मोठे काम केले होते. निळ्या-जांभळ्या सावल्या, वाकलेली झाडे, ओबडधोबड कुंचल्याने रंगवलेल्या भिंती यांमुळे वातावरण खरोखर गूढ होते. पार्श्वभूमी गंभीर आणि तिच्यावर धावणारी पात्रे हास्यास्पद, ही विसंगती काढली तर विनोद निम्मा उरेल. भाचीबरोबर पाहताना एखादे दृश्य थांबवून केवळ मागचे चित्र पाहावे, असे सुचवतो.

तळटीप

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला, तरी मला एक मतभेद नोंदवायचा आहे. आपण सर्व जण शॅगी-स्कूबी या जोडीवर इतके भर देत आहोत की वेल्माचे स्थान दुय्यम ठरते, आणि मला ते मान्य नाही. जोडीमुळे मूल हसते हे खरे. पण भीती कायमची जाते ती वेल्माने कारण सांगितल्यावर. तिचा चष्मा पडतो आणि ती जमिनीवर चाचपडत राहते, हा विनोद वारंवार होतो, आणि तरीही गटात सर्वांत स्पष्ट पाहणारी तीच असते. पात्ररचनेतील ही जोडणी मला जोडीच्या भित्रेपणापेक्षाही अधिक सुंदर वाटते.

भुतामागील हेतू पाहिले तर ते पूर्णपणे ऐहिक आहेत. पहिल्याच भागात काळ्या सरदाराच्या चिलखतात संग्रहालयाचा अभिरक्षक निघतो, जो मूळ चित्रे पळवून त्या जागी बनावट चित्रे लावत असतो. कॅप्टन कटलरचे चमकणारे भूत म्हणजे मृत्यूचे सोंग घेऊन नौका चोरणारा खलाशी असतो. जुन्या खाणीतील भुताच्या वेशात तेथेच काम करणारा माणूस असतो, कारण त्याला खाली तेल सापडलेले असते आणि मालकाने ती जागा स्वस्तात विकावी अशी त्याची इच्छा असते. भय पसरवणाऱ्याचा त्यात फायदा काय, हा प्रश्न विचारण्याची सवय या मालिकेने मुलांना लावली. महाराष्ट्रात भानामतीच्या प्रकारांमागील माणूस शोधून काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न गावोगाव विचारला आहे, त्यामुळे आपल्याकडील मुलांनी ही मालिका पाहावी, असे मला मनापासून वाटते.

म्हणूनच पुढील काळात झालेले बदल मला खटकतात. १९७९ मध्ये मालिका बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा स्क्रॅपी-डू हा स्कूबीचा भाचा आणला गेला. तो इवलासा आणि कमालीचा धीट. त्याने मालिका वाचवली हे मान्य करावे लागेल. पण १९८० पासून फ्रेड, डॅफ्नी आणि वेल्मा यांना वगळण्यात आले आणि खरीखुरी भुते-राक्षस येऊ लागले. १९८५ च्या मालिकेत तर पेटीतून सुटलेली तेरा खरी भुतेच आहेत. भूत खरे ठरले की वेल्माला काही काम उरत नाही, आणि शॅगी-स्कूबीचे घाबरणे शहाणपणाचे ठरते. मग विनोदही तेवढा उरत नाही. तेव्हा ही दोन अंगे एकमेकांवाचून उभी राहू शकत नाहीत, एवढे तरी आपण मान्य कराल, अशी आशा आहे.

रात्रपाळी

हे मान्य आहे, आणि स्क्रॅपीविषयीचा मुद्दा तर माझ्या म्हणण्याला बळच देतो. गटात धीट कुत्रा आला आणि पाहणाऱ्या मुलाची जागा गेली. एक भर घालतो. या जोडीचे यश आवाजांशिवाय शक्य नव्हते. स्कूबीचा आवाज डॉन मेसिक यांचा; प्रत्येक शब्दाआधी गुरगुरणारा ‘र’ लावून बोलण्याची त्यांची शैली इतकी बोलकी आहे की भाषा न समजणारे मूलही त्याची भीती आणि भूक वेगवेगळी ओळखते. शॅगीचा आवाज रेडिओवर नावाजलेले केसी केसम यांचा. केसम स्वतः शाकाहारी होते. शॅगीचा आवाज एका बर्गरच्या जाहिरातीसाठी मागण्यात आला, तेव्हा त्यांनी ही भूमिकाच सोडली आणि शॅगीला शाकाहारी दाखवण्याचे मान्य झाल्यावरच २००२ मध्ये ते परतले. कार्टूनमधील खादाड पात्राविषयी एवढी निष्ठा बाळगणारा कलाकार मला अत्यंत आदरणीय वाटतो.

निळी शाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पार्श्वचित्रे थांबवून पाहण्याची सूचना आजच अमलात आणू. वेल्माविषयीचा मुद्दा मला पटला; भाची आता मुखवटा निघण्यापूर्वी आरोपी कोण ते सांगू लागली आहे, आणि ही सवय तिला शॅगीकडून नक्कीच लागलेली नाही. तिला चकवणारा एखादा भाग मूळ मालिकेत आहे का?

तळटीप

‘फाउल प्ले इन फनलँड’ हा पहिल्या वर्षातील भाग दाखवावा. बंद असलेले मनोरंजन-उद्यान रात्री आपोआप सुरू होते आणि पाठलाग करणारा चार्ली सापडतो, तेव्हा काढायला मुखवटाच नसतो, कारण तो यंत्रमानव असतो. त्याच्या वागण्यात बिघाड घडवणारी व्यक्ती कोण आणि तिचा हेतू काय, हे मी येथे उघड करत नाही. इतकेच सांगतो की त्यामागे पैशाचा लोभ नाही, आणि म्हणून नेहमीच्या अंदाजाने तो उलगडत नाही.