रुंदी आठ फुटांवरच ठेवा
वर कोणीतरी विचारलंय की अमेरिकेत शेळ्यांसाठी कॅटल पॅनेल (जाड तारेची वेल्ड केलेली ताठ जाळी) कमानीसारखं वाकवून, वर ताडपत्री टाकून निवारा करतात, तर कमान दहा फूट रुंद केली तर चालेल का. चालेल, पण मग उंची पाच फूटच उरते आणि लेंड्या काढताना कंबरेचं भजं होतं. पॅनेल सोळा फूट लांब असतं. दोन्ही टोकं आठ फुटांवर रोवली की मध्ये सहा फुटांच्या आसपास उंची मिळते. दोघं लागतातच, एकट्याने वाकवायला जाऊ नका. सुटलं तर तोंडावर बसतं.

ताडपत्री फाटते ती वाऱ्याने कमी, तारेच्या कापलेल्या टोकांनी जास्त. टोकं कानशीने घासा, कडेला जुना पाण्याचा पाइप उभा चिरून चढवा. प्लॅस्टिकचे टाय उन्हात तडकतात, तार बांधा. शिवाय ताडपत्रीची खालची कड शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नका, कुरतडून झालर करतात. खालचे तीन फूट आतून फळ्या मारल्या की प्रश्न मिटला.

बर्फ पडणाऱ्या भागात मात्र मध्ये आढं आणि त्याला टेकू हवाच, नाहीतर कमान वरून दबते.

आपल्याकडे वेल्डमेशची गुंडाळी घेऊन हे करू नका, ती तार बारीक. पाच मिमीच्या आसपासची जाळी असेल तरच.