मदत हवी आहे: बॅकअपसाठी आवाज न करणारी हार्ड डिस्क

नमस्कार मंडळी,

आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटपासून लेकीच्या बारशापर्यंतचं सगळं एका जुन्या १ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर आहे. आठ वर्षं बिचारीने निमूट काम केलं. गेल्या आठवड्यापासून केबल लावली की आधी टक्, टक्, टक्, मग कुठे फोल्डर दिसतात. घाबरून महत्त्वाचं तेवढं लॅपटॉपवर उतरवून घेतलंय.

आता ४ टीबीची घ्यायची आहे, बजेट बारा हजारांच्या आत. घर वन बीएचके, टेबल पलंगाच्या उशाशी आणि बॅकअप चालतो रात्री, त्यामुळे घरघर नको. वेगाची घाई नाही, म्हणजे ७२०० ऐवजी ५४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) पुरावी.

घोडं अडलंय ते एसएमआरवर, म्हणजे डिस्कवर डेटा लिहायच्या एका पद्धतीवर. त्यात ट्रॅक (डेटाच्या गोल रेघा) कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि डिस्क रेंगाळते. पण माझे फोटो एकदा टाकले की टाकले. मग चालेल ना? की डब्ल्यूडी रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फसारखी सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) घेऊन वेगळ्या यूएसबी डब्यात बसवू? त्या साडेतीन इंची, म्हणजे विजेचा अ‍ॅडॉप्टर आलाच. अडीच इंची नुसत्या यूएसबीवर चालते.

एसएसडी सुचवू नका, खिसा नाही म्हणतोय.

कोणी रात्री उशाशी डिस्क चालवत असेल तर मॉडेल सांगा. खाली रबर किंवा जुना माउसपॅड ठेवल्याने खरंच फरक पडतो का?