भांडवलशाहीला पर्याय: प्रत्यक्षात चालतो का?

उसाचा फड:
नफा एका मालकाचा नाही, सगळ्यांचा, हे ऐकायला गोड वाटतं पण मी हे स्वप्न घरात मोडताना बघितलंय. १९५० ला लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू केला, शेतकरीच मालक, शेअर कितीही असू देत मत एकच. तसाच आमच्याकडेही निघाला, आजोबांनी बैलजोडी विकून शेअर घेतला, तो पिवळा पडलेला कागद अजून ट्रंकेत आहे. पुढे संचालक मंडळ एकाच घरात गेलं, उसाचं बिल कायद्याने १४ दिवसांत यायला हवं ते सहा सहा महिने येईना, शेवटी कारखाना लिलावात निघाला. मालक होतो, नुसते ऊस घालणारे झालो.

रानवाट:
वाचून वाईट वाटलं. पण दादा, यात दोष सहकाराचा की हिशोब कोणी विचारत नव्हतं त्याचा? गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. २००९ ला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला, २०१३ ला ग्रामदान केलं, म्हणजे जमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. आणि निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने, एकाचं जरी पटलं नाही तरी परत बसायचं.

हिशोबी:
गाव केवढं? शंभरेक घरं, बहुतेक गोंड, सगळे एकमेकांना ओळखणारे. औषधं, स्टील, रेल्वे असं पारावर बसून ठरत नाही हो. आणि बांबू शेवटी बाजारातच विकला ना, मग पर्याय कसला?

रानवाट:
बाजार असला म्हणून मालक एकच असायला हवा असं कुठंय? स्पेनच्या बास्क भागात मोंद्रागोन हा सहकारी कंपन्यांचा समूह १९५६ पासून आहे, कामगारच मालक, हजारोंनी. त्यांची फ्रीज बनवणारी फागोर २०१३ ला बुडालीच, मी लपवत नाही, पण तिच्या बऱ्याच कामगारांना बाकीच्या सहकारी कंपन्यांनी सामावून घेतलं. खाजगी कंपनी बुडाल्यावर शेजारची कंपनी असं करते का?

उसाचा फड:
आमच्याकडे कोणी घेतलं नाही. कारखान्यातले फिटर, टर्नर पुण्याला वॉचमन म्हणून गेले, पीएफसाठी अजून खेटे घालतायत. तुमचं पटतंय ताई, पण ४० गावांचे सभासद रोज एकत्र कसे बसणार? वार्षिक सभेत तर मंजूर मंजूर म्हणत दहा मिनिटांत अहवाल संपायचा, बाबा प्रश्न लिहून न्यायचे, माईक कधी मिळालाच नाही. तो माईक मिळायची सोय कशी करायची तेवढं सांगा, मी आजही शेअर घेतो.