सूड, डूख की बिथरणं?

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाचे संवाद लिहून राहिलो, एका शब्दापाशी गाडी अडली. पोरगा लहानपणी घराच्या जाळपोळीतून एकटाच वाचते, अन् मोठा झाल्यावर लग्नाच्या मांडवात फटाके फुटले की शेजारच्या माणसावर विळा चालवते, ज्याचा त्या जाळपोळीशी काहीच संबंध नाही. दिग्दर्शक म्हणते 'सूड' टाक. मले नाही पटून राहिलं. सुचवा काही.

— भाऊ, सूड नाहीच. सूड 'घेतात', 'उगवतात', म्हणजे कोणाचा घ्यायचा ते आधी ठरलेलं पाहिजे. बापाला मारलं म्हणून परशुराम क्षत्रियांवर उठला तो सूड. 'डूख' तर धरून ठेवतात, सापाबद्दल बोलतात तशी. तुमच्या पोराला मांडवात शिरेपर्यंत माहीतही नाही आपण काय करणार ते. अश्वत्थामा मात्र मधात कुठंतरी. बाप कपटानं मारल्या गेला, धृष्टद्युम्नाला मारलं, इथवर सूड ठीक, पण सौप्तिक पर्वात त्याच रात्री द्रौपदीची झोपलेली पोरं कापली, तिथं हा शब्द अपुरा पडते.

— 'धसका' चालन का?

— नाही ना बाप्पा. धसका घेतला की माणूस जेवण सोडते, खंगते. तो दुसऱ्याला मारत नाही. 'आघात' पेपरातला, अन् पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागं राहणारा मनाचा आजार) हे नाव 1980 मध्ये अमेरिकेच्या मानसोपचारवाल्यांच्या पुस्तकात आलं, ते धानाच्या बांधीत कोण बोलन?

मी तर 'बिथरणं' म्हणीन. ब्रह्मपुरीकडं वाघाच्या तावडीतून सुटलेला बैल सांजेला झुडूप हललं तरी बिथरते, अन् शिंग लागते धन्यालेच. भेव अन् मार दोन्ही त्या एका शब्दात आलं. पण एक सांगतो, असं भोगलेले बहुतेक लोक कोणावर हात उचलत नाही, झोपेत दचकतात, आवाज झाला की कोपरा धरतात. म्हणून मधात एखादा प्रवेश टाका, पोरगा चुलीजवळ बसत नाही, कोणी काडी पेटवली की उठून जाते असं काही. नाहीतर फटाका वाजला अन् विळा उचलला, हे लेखकाच्या सोयीचं वाटन, अन् जळलेल्या घरातून वाचलेला प्रत्येक माणूस खुनीच असं पब्लिक घेऊन जाईन.

— चुलीचा प्रवेश दुसऱ्या अंकात बसवतो. अन् मांडवातल्या बाईचा संवाद असा: "मायबाई, पोरगं बिथरलं, विळा काढा त्याच्या हातचा!" वडशाच्या तालमीत बोलून पाहतो, जिभेवर बसते का.