मदत हवी आहे: बॅकअपची हार्ड डिस्क पीसीला दिसेना

जुळारी
बॅकअपसाठी 4 टीबीची डिस्क आणली. घरच्या लॅपटॉपवर मस्त चालते. छापखान्यातल्या पीसीला लावली की टुंग वाजतं, पण माय कॉम्प्युटरमध्ये काहीच नाही. फॉरमॅट मारायची तयारी आहे, कसं ते फक्त सांगा. उद्या सकाळी पत्रिकेचं गिऱ्हाईक येतंय, जरा लवकर.

आयटी_हमाल
पीसीवर विंडोज कुठली? डिस्कवर आत्ता काही आहे का?

पावशेर
फॅट32 (डिस्कवर फाइली मांडायची जुनी पद्धत) करून टाका. गाडीच्या स्टिरिओपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालतं. डोळे झाकून.

आयटी_हमाल
पावशेर, डोळे झाकूनच सांगताय. विंडोज 10 चा फॉरमॅट 32 जीबीच्या वर फॅट32 करूच देत नाही. शिवाय 4 जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही.

पावशेर
बाहेरचं टूल मिळतं हो. माझी 1 टीबीची आठ वर्षं चाललीय.

जुळारी
विंडोज एक्सपी आहे, सर्व्हिस पॅक 3. लिहायचं राहिलं.

लिनक्सवेडा
मायक्रोसॉफ्टनं 2014 च्या एप्रिलात हात काढून घेतले, तुम्ही अजून एक्सपीवर? लिनक्स मिंट टाका, सुटाल.

जुळारी
मिंटवर पेजमेकर (पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) चालवून दाखवता का? आणि श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (त्याची किल्ली) मागे प्रिंटर पोर्टला लटकलंय, त्याचं काय करू?

तिसरी_घंटा
खरं तर श्रीलिपी सोडून युनिकोडला या. आम्ही दिवाळी अंकाचं जुनं मॅटर कन्व्हर्ट केलं तेव्हा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. 'वर्ष'चा रफार शोधत मी दोन रात्री काढल्या, पण एकदाच काय तो त्रास.

आयटी_हमाल
रफार नंतर. जुळारी, माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. तिथे डिस्कसमोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाइप करा.

जुळारी
'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन'. राइट क्लिक करून डिलीटही होत नाही.

आयटी_हमाल
मग फॅट की एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फॉरमॅट पद्धत) हा वादच नाही. 32 बिट एक्सपीला जीपीटी (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) कळत नाही. लॅपटॉपवर डिस्क एमबीआर (त्याची जुनी पद्धत) करावी लागेल. 512 बाइटचे सेक्टर असतील तर एमबीआरमध्ये 2 टीबीच्या पुढची जागा पडूनच राहते, ते धरून चाला. डिस्कपार्ट (विंडोजचं कमांड टूल) उघडा: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर. मग 2 टीबीच्या आतलं पार्टिशन करून एनटीएफएस. नंबर निवडताना साइज दोनदा बघा. क्लीन 'नक्की ना?' असं विचारत बसत नाही.

पावशेर
एक्सफॅट (मोठ्या फाइली घेणारं फॅट) का नको?

आयटी_हमाल
एक्सपीला त्यासाठी केबी955704 हा वेगळा अपडेट लागतो. आणि त्यानं जीपीटीचं दुखणं जात नाही.

जुळारी
क्लीन म्हणजे त्यावरचे फोटोही जाणार? मुलीच्या गॅदरिंगचे टाकलेत. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून तिकडचे काढले.

आयटी_हमाल
थांबा!! डिस्कवर काही आहे का, हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. एकच प्रत आहे ती, डिस्कपार्ट बंद करा. पीसीवरचा डेटा आहे तरी किती?

जुळारी
वर्क फोल्डर 11 जीबी. घाई अशासाठी की पीसीची डिस्क परवापासून टक टक करतेय.

सांगलीची_मावशी
अहो दादा, 11 जीबीसाठी 4 टीबी? कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून 32 जीबीचा पेनड्राइव्ह आणा. फॅट32 नसला तर लॅपटॉपवर करून घ्या, एक्सपी लगेच ओळखेल. आधी उद्याची पत्रिका कॉपी करा, मग बाकीचं. टकटकणाऱ्या डिस्कवर डीफ्रॅग, चेकडिस्क काही चालवू नका. आमच्या दुकानात 'बघू उद्या' म्हणत पंधरवडा काढला आणि उधारीची अख्खी वही गेली.

पावशेर
मी पहिल्यापासून फॅट32च सांगत होतो.

लिनक्सवेडा
मिंट लाइव्ह यूएसबीवरूनही कॉपी झालं असतं.

आयटी_हमाल
त्या पीसीची रॅम विचारलीत का?

जुळारी
512 एमबी.
(रात्री 1:10) झालं. पेनड्राइव्ह लावल्यावर कोपऱ्यात फुगा आला की हा याहून वेगात चालू शकतो. पोर्ट यूएसबी 1.1 चे निघाले. साडेतीन तास खुर्चीत बसून होतो. 2009 चं एक फोल्डर 'सायक्लिक रिडंडन्सी' (डिस्क नीट वाचता न येण्याची एरर) म्हणून अडलं, ते सोडून दिलं. पत्रिका आली. मावशी, तुमचे आभार. 4 टीबी आता लॅपटॉपलाच ठेवतो, फोटोंची दुसरी प्रत उद्या काढतो.

कोरा_कागद
तिसरी_घंटा, तो कन्व्हर्टर कुठला? व्यनि (खाजगी निरोप) करा ना. आमचेही रफार हललेत.